33 वॉट की 10 वॉट: दुकानाच्या मागच्या फळीवरची सात महिन्यांची नोंद

12 जानेवारी 2025

दिवसाला दोन-तीन गिऱ्हाइकं तरी विचारतात, "भाऊ, या फास्ट चार्जरनं बॅटरी लवकर जाते काय?" अकोल्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून अकरा वर्षं झाली, आणि अकरा वर्षं मी छातीठोकपणे "जाते" असं सांगत आलो. कशावरून, हे कोणी विचारलं नव्हतं. परवा एका कॉलेजच्या पोरीनं विचारलं. मी चार्जिंग जॅक साफ करण्यात गुंतल्यासारखं केलं.

म्हणून हे मांडलं. एकाच मॉडेलचे दोन जुने फोन घेतले, 2,400 आणि 2,600 रुपयांना. दोघांच्या काचा तडकलेल्या, बोर्ड ठणठणीत. दोन्हींत एकाच लॉटच्या नव्या बॅटऱ्या, 5,000 एमएएच छापलेल्या, 650 रुपयांना एक. फोन 'अ' कायम कंपनीच्या 33 वॉटच्या चार्जरवर. फोन 'ब' कायम 5 व्होल्ट 2 अँपिअरच्या, म्हणजे 10 वॉटच्या जुन्या चार्जरवर. 5 टक्क्यांपासून 100 पर्यंत चार्ज, मग पूर्ण ब्राइटनेसवर व्हिडिओ फिरता ठेवून आणि टॉर्च लावून परत 5 पर्यंत उतरवायचं. ही एक सायकल. दोघांच्या 300 करायचा बेत आहे.

त्याच लॉटची तिसरी बॅटरी काउंटरवरच्या फोनला टाकली. तो कॅमेऱ्याचं चित्र बघायला असतो, चोवीस तास साध्या चार्जरला. त्याला 'क' म्हणू. प्रयोगात तो नाही, नुसता तिथे आहे.

16 जानेवारी

पहिली घोडचूक, आणि लाजिरवाणी. यूएसबी मीटर मध्ये लावून दोन्ही फोन एकेकदा पूर्ण भरले. मीटरवर 'ब' मध्ये 3,680 एमएएच गेले, 'अ' मध्ये 2,010. मला वाटलं 'अ' ची बॅटरी अर्धीच आहे. फोन खोलला, बॅटरी काढली, आणि ज्या ठोक व्यापाऱ्याकडून माल घेतला त्याला फोन करून नको ते बोललो.

रात्री जेवताना उजेड पडला. 'अ' चा चार्जर 9 व्होल्टच्या आसपास देतो, 'ब' चा जेमतेम 4.9. एमएएच फक्त अँपिअर आणि तास मोजतं, व्होल्ट त्यात कुठेच नाही. 2,010 गुणिले 9 आणि 3,680 गुणिले 4.9, दोन्ही 18 वॉट-तास. म्हणजे दोन्हींत सारखाच माल गेला होता. फास्ट चार्जर मीटरला लावाल तर वॉट-तासाचा आकडा बघा, एमएएचकडे ढुंकूनही पाहू नका.

सकाळी व्यापाऱ्याची माफी मागितली.

21 जानेवारी

माफी परत घेतली.

चार्ज होताना आत किती गेलं यावरून बॅटरी मोजणं चुकीचंच, कारण त्यातलं काही उष्णतेत जातं आणि फास्टमध्ये ते किती, स्लोमध्ये किती, हे वेगळं असतं. बॅटरीतून किती बाहेर येतं ते मोजायला हवं. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक लोड (ठरलेल्या करंटनं बॅटरी उतरवून किती बाहेर आलं ते मोजणारं यंत्र) आणला, 2,700 रुपये. बॅटरी फोनमधून काढायची, तिची स्ट्रिप (जोडणीची चपटी पट्टी) अ‍ॅक्टिव्हेशन प्लेटवर बसवायची (ही प्लेट आपल्या सगळ्या दुरुस्तीवाल्यांकडे असतेच, मेलेल्या बॅटऱ्या उठवायला), प्लेटवरून लोडला दोन वायरी, 1 अँपिअरनं उतरवायची, 3.4 व्होल्टला बंद.

छापील 5,000 च्या बॅटऱ्या निघाल्या 3,960 आणि 3,940. दोन्ही कॉपी. खरं तर परवाच लक्षात यायला हवं होतं: 5,000 ची बॅटरी म्हणजे साधारण 19 वॉट-तास, तिच्यात 18 घालून ती भरते कशी?

तिन्ही बॅटऱ्या परत केल्या. पैसे अजून यायचे आहेत.

24 जानेवारी

दुसरीकडून तीन बॅटऱ्या, 1,150 ला एक. लोडवर 'अ' 4,915, 'ब' 4,930, 'क' 4,920. हे पटण्यासारखं आहे. सुरुवात खऱ्या अर्थानं आज.

थर्मामीटरची तार बॅटरीच्या बरोबर वर, मागच्या पॅनलला कॅप्टॉन टेपनं (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीनं) चिकटवली. दुकानात 27 अंश. 'अ' पंधराव्या मिनिटाला 41 वर गेला, तिथून हळूहळू उतरला. 25 मिनिटांत 50 टक्के, 1 तास 8 मिनिटांत पूर्ण. 'ब' ला 3 तास 5 मिनिटं, आणि पूर्ण वेळ 33 च्या वर गेला नाही.

शेजारी बसून पाहिल्यावर एक गोष्ट दिसते जी डबीवर लिहिलेली नसते. 33 वॉट हे पहिल्या काही मिनिटांचं कौतुक. मीटरवर ते अर्ध्या चार्जनंतर 20 च्या खाली आलं, 80 नंतर 10 च्या खाली, आणि शेवटच्या पाच टक्क्यांत 'अ' आणि 'ब' मध्ये फरकच उरला नाही. बॅटरीचा व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकला की करंट आपोआप कमी करत न्यावा लागतो, मग चार्जर कितीचाही असो. भरलेल्या बॅटरीत जोरात करंट ढकलला तर लिथियम बॅटरीतल्या ग्राफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्यावर थर होऊन बसतो, आणि तो परत कामाला येत नाही. बॅटरी गार असेल तर हे आणखी लवकर होतं. फोन बनवणाऱ्याला हे ठाऊक आहे, म्हणूनच तो नळ आधी बारीक करतो.

9 फेब्रुवारी

सोळा दिवस पाण्यात.

'अ' ला चार्ज व्हायला अडीच तासांच्या वर लागतायत हे वहीत दिसत होतं. मी समजत होतो की पुतण्या वेळ उशिरा लिहितो. त्याला दोनदा बोललोही. आज स्वतः उभा राहिलो तर मीटरवर 9.8 वॉट. चार्जर तोच, केबल मात्र दुसरी. मूळ केबल कोणीतरी, बहुतेक मीच, गिऱ्हाइकाला चार्जर तपासून दाखवताना उचलली आणि तिच्या जागी साधी लावली. या चार्जरला त्याची स्वतःचीच केबल लागते, साधी लावली की तो फोनशी बोलतच नाही आणि गपगुमान 5 व्होल्टवर चालतो. म्हणजे 'अ' च्या 19 सायकल स्लोच झाल्या.

त्या रद्द. दोन्ही बॅटऱ्या परत लोडवर: 'अ' 4,890, 'ब' 4,905. मोजणी इथून शून्यापासून. मूळ केबलवर लाल टेप गुंडाळला आणि "हात लावू नये" लिहिलं. पुतण्याला कचोरी खाऊ घातली.

त्यानं एक चांगलं काम केलं. फोन कॉम्प्युटरला लावून डंपसिस बॅटरी ही कमांड दिली की आतल्या सेन्सरचं तापमान मिळतं. "काका, 412 अंश!" म्हणून ओरडला. तो आकडा दहापट असतो, 412 म्हणजे 41.2. माझ्या बाहेरच्या तारेपेक्षा आतलं तापमान दीड-दोन अंशांनी जास्त दिसतं. पुढचे सगळे आकडे आतल्या सेन्सरचे.

16 मार्च

धुळवडीला दुकान बंद होतं, दोन्ही फोन 100 टक्क्यांवर दोन दिवस पडून राहिले. दोघंही राहिले, त्यामुळे हिशेब बिघडत नाही. आतापर्यंत 61 सायकल. दिवसाला सहसा दोनपेक्षा जास्त होत नाहीत, आणि लाइन गेली तर एकच. कोणी हे करणार असेल तर वेळेचा अंदाज दीडपट धरा.

उतरवण्याचं काम सगळ्यात कंटाळवाणं. एका फोनला सहा-साडेसहा तास लागतात. तोच एक व्हिडिओ, समुद्र आणि नारळाची झाडं, आवाज बंद. येणारा प्रत्येक जण विचारतो हे काय आहे.

6 एप्रिल: 100 सायकल

लोडवर 'अ' 4,735, 'ब' 4,740. टक्क्यांत 'अ' 96.8, 'ब' 96.6. फास्टवाला चक्क पुढे!

आनंद होण्याआधी एक काम केलं. 'अ' चीच बॅटरी परत भरून परत उतरवली, दोनदा. 4,710 आणि 4,750 आले. म्हणजे एकच बॅटरी लागोपाठ मोजली तरी 40 एमएएच इकडेतिकडे होतात, जवळपास एक टक्का. स्ट्रिप प्लेटवर नीट बसली नाही, खोली दोन अंश गरम असली, एवढ्यानंही आकडा हलतो. तेव्हा 0.2 टक्क्यांचा फरक म्हणजे बरोबरी, दुसरं काही नाही. फोनमधल्या अ‍ॅपवर 'बॅटरी हेल्थ' 97.3 वगैरे दशांशात बघून भांडायला येणाऱ्यांना हे दाखवायला हवं.

27 एप्रिल

उन्हाळा सुरू झाला आणि प्रयोगाचा चेहरा बदलला.

दुकानावर टिनाचं छप्पर आहे. दुपारी तीन वाजता मागच्या फळीवर 41. 'अ' चार्जला लावला की सहाव्या मिनिटाला आतलं तापमान 46, आणि मीटरवर 33 वॉटचे खाड्कन 11. मग थोडं निवलं की 15, परत 10. पूर्ण व्हायला 1 तास 50 मिनिटं. फोन स्वतःच करंट कापतो, बॅटरी वाचवायला. चांगलीच गोष्ट, पण मग मी काय तपासतोय? 'अ' फक्त नावाला फास्ट राहिला.

त्याहून विचित्र 'ब'. तो स्लो, थंड, सुरक्षित असं मी धरून चाललो होतो. 41 च्या खोलीत तो 44 वर गेला आणि तीन तास तिथेच बसला. 'अ' ने 46 पाहिले, पण दोन तासांच्या आत आटोपून निवायला मोकळा. जानेवारीत फास्ट आणि स्लोमध्ये आठ अंशांचं अंतर होतं, एप्रिलच्या अकोल्यात ते दोन अंश उरलं. विदर्भात उन्हाळ्यात खोलीच गरम असते, चार्जरला वेगळी मेहनत घ्यावी लागत नाही.

18 मे

तीन आठवडे वेगवेगळे उपाय करण्यात गेले. टेबलफॅन लावला, पण त्याचा झोत 'ब' वर जास्त पडायचा, तर दोघांना सारखा वारा मिळावा म्हणून मध्ये पुठ्ठा उभा केला, तो पडला. फरशीवर ठेवले तर 'अ' पुन्हा 33 वॉट घेऊ लागला, पण दोन्ही फोन सारखे टेकत नव्हते, 'ब' चं पॅनल थोडं उचललेलं होतं.

शेवटी साधा मार्ग: सकाळी सहाला येऊन दोन्ही चार्ज करायचे, तेव्हा फळीवर 30-31 असतात. दुसरा चार्ज रात्री नऊनंतर. बायको म्हणाली, "अहो, दूध आणायला कधी सहाला उठला नाहीत." खरं आहे.

दुपारचे हे खराब दिवस मी रद्द केले नाहीत. दोघांनीही तोच उन्हाळा खाल्ला.

22 जून: 200 सायकल

'अ' 4,560, म्हणजे 93.3 टक्के. 'ब' 4,590, म्हणजे 93.6. अजूनही चुकीच्या मर्यादेच्या आत. दोन्ही उन्हाळ्यात थोडे जास्त उतरले आहेत, पण बरोबरीनं उतरले.

परवा 20 जूनपासून युरोपात नियम लागू झाला: तिथे विकायला आणलेल्या स्मार्टफोनची बॅटरी 800 सायकलनंतरही निदान 80 टक्के राहिली पाहिजे. एका गिऱ्हाइकानं विचारलं, मग तुमच्या हिशेबानं 800 ला किती? सरळ रेघ ओढली तर 75 च्या खाली येतं, पण ही बदललेली बॅटरी, टिनाचं छप्पर आणि रोज काठोकाठ भरून तळापर्यंत उपसणं. असं कोणी फोन वापरत नाही. त्या रेघेवर विसंबू नका.

7 जुलै

काल एकादशीला दुकान अर्धा दिवस होतं. आज सकाळी काउंटरवरच्या 'क' मध्ये सिम बदलायला गेलो, ट्रे आत जाईना. फोन डोळ्यासमोर आडवा धरला तर मागचं पॅनल एका बाजूनं उचललेलं, नखाची कड शिरेल एवढी फट. खोललं. बॅटरी उशीसारखी. बोटानं हलकंच दाबलं तर आतून गॅसचा मऊ प्रतिकार.

ही तीच, 24 जानेवारीची, 1,150 वाली, त्याच लॉटची तिसरी. हिला आयुष्यात एकदाही फास्ट चार्जर लागला नाही. हिच्या सायकल झाल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. हिनं फक्त साडेपाच महिने 100 टक्क्यांवर, खिडकीशेजारच्या काउंटरवर, गरमीत बसून काढले.

फुगलेली बॅटरी भरून मोजायची नसते, तुम्ही मोजू नका. मला राहवलं नाही. दुकानाबाहेर ओट्यावर, लोखंडी डब्यात वाळूवर ठेवून, आधीच भरलेली होती तेवढीच उतरवली: 4,060. 4,920 ची 4,060, म्हणजे 82.5 टक्के. 'अ' नं तोवर सव्वादोनशेच्या आसपास सायकल 33 वॉटवर काढल्या होत्या आणि तो नव्वदीच्या घरात होता.

बॅटरी युनिव्हर्सिटी म्हणून जुनं संकेतस्थळ आहे, तिथे नुसत्या ठेवून दिलेल्या लिथियम बॅटरीचा तक्ता आहे. वर्षभर 25 अंशांत 40 टक्के भरून ठेवली तर 96 टक्के उरते, 100 टक्के भरून ठेवली तर 80. तेच 40 अंशांत 100 टक्के भरून ठेवली तर 65. हा तक्ता मी कित्येकदा पाहिला होता आणि दर वेळी वाटायचं, आपण कुठे बॅटरी गोदामात ठेवतोय. काउंटरवर तेच चाललं होतं.

मग रात्रभर चार्जला लावणारे आठवले. ते "मी साध्याच चार्जरनं करतो" असं अभिमानानं सांगतात. अकराला लावला, दोनला भरला, सहापर्यंत 100 वर, बऱ्याचदा उशीखाली. आणि सकाळी आंघोळीच्या वेळात 33 वॉटवर भरून निघून जाणारा, त्याला मी अकरा वर्षं दम देत आलो.

एक गोष्ट मात्र नीट लिहून ठेवतो. 'क' ची तुलना 'अ' शी थेट होत नाही. तो दुसरा फोन, दुसरी जागा, खिडकीचं ऊन. एक बॅटरी फुगली म्हणजे सिद्ध झालं असं नाही.

8 जुलै

'क' ला नवी बॅटरी. या मॉडेलमध्ये 80 टक्क्यांवर थांबवायची सोय नाही. आयफोन 15 पासून आयफोनला ती आली, बऱ्याच अँड्रॉइडलाही आहे, सेटिंगमध्ये बॅटरीखाली शोधा. इथे 450 रुपयांचा प्लगचा टायमर लावला, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. फोन आता 50 ते 80 मध्ये खेळतो. पहिल्या दिवशी वेळ चुकीची लावली आणि कॅमेरा दुपारी बंद पडला.

10 ऑगस्ट: 300 सायकल

'अ' 4,425, म्हणजे 90.5 टक्के. 'ब' 4,450, म्हणजे 90.7.

तीन-तीनदा मोजलं, मधला आकडा घेतला. फरक 0.2, आणि माझ्या लोडची चूक त्याच्या चौपट. फास्ट चार्जिंगनं काहीच होत नाही असं हे म्हणत नाही. होत असेल तर ते इतकं लहान आहे की माझ्या हत्यारांनी दिसत नाही, एवढंच. आणि हे 33 वॉटचं आहे. 120 वॉटच्या फोनमध्ये बहुतेक वेळा दोन सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी ताकद येते. तिथलं गणित वेगळं, मी तपासलेलं नाही. चार्जर कंपनीचाच होता हेही धरा. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचा गाडीतला स्वस्त 'सुपर फास्ट' चार्जर मीटरला लावला तर व्होल्ट 8.2 ते 9.6 उड्या मारत होते. तो मी फास्टमध्ये धरत नाही.

खर्च: दोन फोन 5,000. बॅटऱ्या 3,450 आणि 'क' ची दुसरी 1,150. लोड 2,700, टायमर 450, मीटर आधीचा होता. पहिल्या कॉपी बॅटऱ्यांचे 1,950 पैकी 1,300 परत आले, बाकीचे विसरलो. एकूण 13,400. सात महिने, त्यातला दीड महिना निव्वळ माझ्या चुकांत.

17 ऑगस्ट

400 पर्यंत न्यायचा विचार होता. काल 'ब' चा चार्जिंग जॅक ढिला झाला, केबल हातानं धरली तरच चार्ज घेतो. सीसी बोर्ड (चार्जिंग जॅक असलेला छोटा बोर्ड) बदलला तर मधल्या दोन दिवसांची बरोबरी मोडते, म्हणून इथेच थांबवलं. 'अ' चा जॅक अजून घट्ट आहे, दिवसाला तो दोनदा एक-एक तासच अडकायचा, 'ब' तीन-तीन तास. हे मी मोजायला घेतलंच नव्हतं.

लोड, प्लेट आणि लाल टेपची केबल डब्यात ठेवली आहे. अकोल्यात कोणाला हेच 67 वॉटच्या फोनवर करायचं असेल तर येऊन घेऊन जा. पण मार्च ते जूनमध्ये सुरू करू नका, जून संपल्यावर करा.